गुडघा दुखतो म्हणाला, तडा खुब्यात होता: एका रंगरुटाचं प्रकरण

लष्कराच्या वैद्यकीय विभागात नर्सिंग असिस्टंट म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. शेवटच्या काही वर्षांत एका रेजिमेंटल सेंटरच्या, म्हणजे नव्या जवानांच्या प्रशिक्षण केंद्राच्या, एम.आय. रूमवर (वैद्यकीय तपासणीच्या खोलीवर) होतो. रंगरूट आजारी पडला की सगळ्यात आधी या खोलीत येतो. हे प्रकरण तिथलं. मुलाचं नाव, गाव, सेंटर आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. माझ्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

दत्ता सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातला. भरती झाला तेव्हा वय १९, उंची १६९ सेंटिमीटर, वजन ५५ किलो. घरी अडीच एकर कोरडवाहू आणि दोन म्हशी. दूध दोन्ही वेळा डेअरीला जायचं, घरात राहायचं ते चहापुरतं. चुलते निवृत्त हवालदार. त्यामुळे ‘सैन्यात जायचं’ हा त्याच्या घरात निर्णय नव्हताच, ठरलेलीच गोष्ट होती.

तालुक्याच्या गावी एका भरती अॅकॅडमीत तो सात महिने राहिला. तिथे तयारी एकाच गोष्टीची: सोळाशे. त्या काळी भरती मेळाव्यात १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं की ६० गुण आणि दहा बीम (पुल-अप्स) काढले की ४०. शंभरातले शंभर असे मिळायचे. दत्ताने सोळाशे ५ मिनिटं १८ सेकंदांत मारलं. अॅकॅडमीने त्याचा फोटो फ्लेक्सवर लावला.

या फ्लेक्समुळे पुढे आमची दिशाभूल झाली. मेळावा, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, निकाल, मग बोलावणं, यात चार महिने गेले. त्या चार महिन्यांत दत्ता धावलाच नाही. ‘झालंय आता’ म्हणून अॅकॅडमी सोडली आणि एका नातेवाइकाच्या टेम्पोवर कामाला लागला. रात्रीचे फेरे, दिवसा झोप. सेंटरच्या फाटकातून आत आला तो सोळाशेचा हिरो म्हणून, पण पाय चार महिने क्लच-ब्रेकवर होते. आम्ही कुणी त्याला विचारलं नाही. आमच्याकडच्या कागदावर मेळाव्याची वेळ होती, आणि ती उत्तम होती.

सेंटरमधले पहिले आठवडे

बाहेरच्यांना वाटतं, रंगरुटाला पीटी मोडते. पीटी ठरवून, मोजून दिलेली असते. त्याला थकवतं ते पीटीच्या आजूबाजूचं सगळं. सेंटरमध्ये रंगरूट चालत नाही, दौडतो. बरॅकपासून लंगर (जेवणघर), लंगरपासून ड्रिल स्क्वेअर (कवायतीची जागा), तिथून कोत (शस्त्रागार), कोतपासून क्लास, सगळं दौडत आणि बहुतेक वेळा बुटात. शिवाय एकाची चादर नीट नसली की पूर्ण प्लाटूनला संध्याकाळी रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत. ड्रिल स्क्वेअर सिमेंटचा. ‘पैर जोर से मार’ ही आज्ञा दिवसातून किती वेळा कानावर पडते याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

या प्रकरणानंतर आम्ही दोन रंगरुटांच्या कमरेला आठवडाभर साधे पेडोमीटर लावले. कागदावर दिवसाची दौड होती ३ किलोमीटर. पेडोमीटर सांगत होता १३ ते १५, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त बुटात. उस्तादांना, म्हणजे प्रशिक्षकांना, पटेना. त्यांनी यंत्र बदलायला लावलं. दुसऱ्या यंत्रानेही तेच दाखवलं.

हाडाचं गणित इथे सांगावं लागेल. आमच्याकडे घरातली मातीची भुई नव्याने करायची तर आधी जुनी उकरतात, मग नवी माती पसरून, पाणी मारून चोपणीने चोपतात आणि वाळेपर्यंत तिच्यावर कुणाला फिरू देत नाहीत. हाडावर नवा भार पडला की हाडही असंच करतं. थकलेला भाग आधी पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरणं काही आठवड्यांत होतं, भरून घट्ट व्हायला महिने लागतात. म्हणून नवा भार सुरू झाल्यापासून तिसरा-चौथा आठवडा सगळ्यात नाजूक. भुई उकरलेली आहे, चोपायची बाकी आहे, आणि नेमकं तेव्हाच आपण तिच्यावर अख्खी कंपनी नाचवतो. सतत नाचवलं की तडा जातो. पडून-आपटून होणारं हे फ्रॅक्चर नव्हे, म्हणून कुणाला दिसतही नाही. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ मध्ये लांब कूच केलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचं वर्णन लिहून ठेवलं. एक्स-रेचा शोधच १८९५ चा, त्यामुळे आत हाड तडकलेलं असतं हे कळायला आणखी चाळीसेक वर्षं गेली.

अडचण कशी उभी राहिली

चौथ्या आठवड्यात दत्ताची डावी नडगी आतल्या बाजूने दुखायला लागली. त्याने कुणाला सांगितलं नाही. बरॅकमध्ये रात्री एकमेकांच्या पायांना बाम चोळून देणं चालतं, तसं चोळून घेतलं.

पाचव्या आठवड्यात सिक रिपोर्टमध्ये, म्हणजे आजारी रंगरुटांच्या तपासणीला, आला. रजिस्टरमध्ये मी माझ्या हाताने लिहिलं: ‘नडगीदुखी, दोन्ही बाजूंनी तपासलं, सूज नाही.’ ब्रुफेन ही वेदनाशामक गोळी तीन दिवस, पीटीतून तीन दिवस एक्सक्यूज, म्हणजे सूट. त्या सकाळी माझ्या खोलीबाहेर चाळीस मुलं उभी होती आणि प्रत्येकाला सरासरी दोन मिनिटं मिळत होती. मी नडगीवरून तळवा फिरवला. फिरवायला हवं होतं एक बोट. सर्वसाधारण नडगीदुखीत वीतभर पट्टा दुखतो. हाडाला तडा जायला लागला असेल तर नाण्याएवढी एक जागा दाबली की मुलगा टुणकन उठतो. तळव्याखाली दोन्ही सारखीच वाटतात.

एक्सक्यूजची दुसरी गंमत अशी की तो पीटीपुरता होता. मुलगा पीटीच्या वेळी मैदानाच्या कडेला बसला, आणि नंतर दिवसभर ड्रिल स्क्वेअरवर पाय आपटत राहिला. शिवाय कडेला बसलेल्याला सगळे बघतात. ‘चोर’ हा शब्द कुणी तोंडावर बोललं नाही तरी ऐकू येतो. एक्सक्यूजचे दिवस जास्त झाले की रेलिगेट करतात, म्हणजे मागच्या बॅचमध्ये ढकलतात. सोबतचे कसम परेड (प्रशिक्षण संपल्यावरची शपथविधीची परेड) करून घरी जातात आणि आपण पुन्हा पहिल्यापासून. रंगरुटाला हाड मोडण्याची भीती नसते. रेलिगेट होण्याची असते.

सहाव्या आठवड्यात तो मैदानावर परतला. डावी नडगी वाचवायची म्हणून भार उजव्या पायावर. आठव्या आठवड्यात कंपन्यांच्या आपसातल्या क्रॉस कंट्रीची तयारी सुरू झाली आणि सोळाशेचा हिरो अर्थातच संघात निवडला गेला. रोजच्या कामावर आता दहा किलोमीटरचा सराव चढला. त्याच आठवड्यात उजव्या गुडघ्याच्या वरच्या अंगाला दुखायला लागलं.

नवव्या आठवड्यात तो पुन्हा माझ्यासमोर आला. म्हणाला, ‘साहेब, गुडघा दुखतोय.’ मी गुडघा तपासला. वाकतोय, सरळ होतोय, पाणी नाही, सैल नाही. एक्स-रे काढला, स्वच्छ. नीकॅप दिली, पुन्हा गोळ्या दिल्या. मी गुडघ्याच्या वर सरकलोच नाही. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उमटतं, कारण दोन्हीकडे जाणाऱ्या नसा एकच आहेत. हे मला शिकवलेलं होतं, नव्या पोरांना मी स्वतः शिकवलेलंही होतं. पण मुलगा बोट गुडघ्यावर ठेवतो आणि आपणही तिथेच बघतो.

पहिला निर्णय: खिडकीतून दिसलेला मुलगा

तीन दिवसांनी सरावाहून कंपनी परत येत होती. आमच्या मेडिकल ऑफिसर एक तरुण कॅप्टन होत्या, सेंटरवर येऊन दोनच महिने झालेले. त्यांनी खिडकीतून एक मुलगा पाहिला. तो लंगडत होता, पण उस्तादांच्या समोरून जाताना दहा पावलं सरळ चालला आणि पुढे जाऊन पुन्हा लंगडला. त्या मला म्हणाल्या, ‘त्याला आत बोलवा. चालत नको, स्ट्रेचरवर आणा.’

मला ते जरा अतीच वाटलं. दत्ताला तर लाजेने मेल्यासारखं झालं. आडवा झाल्यावर मी सवयीने म्हणालो, उठून एका पायावर उडी मारून दाखव. मॅडमनी मला तिथेच थांबवलं. शंका मांडीच्या हाडाच्या मानेची असेल तर उडी मारायला लावणं म्हणजे अर्धवट मोडलेली फांदी हलवून बघण्यासारखं. त्यांनी फक्त त्याचा पाय गादीवर ठेवूनच हळू आत वळवला. दत्ताने पलंगाची कड घट्ट धरली. मग जांघेत दाबलं. मग विचारलं, रात्री दुखतं का? थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, ‘दोन आठवडे झाले, झोप नाही.’

मांडीचं हाड वर जिथे खुब्याच्या वाटीत बसतं, तिथे त्याची मान असते आणि सगळ्या शरीराचा भार त्या मानेवरून खाली उतरतो. मानेच्या खालच्या कडेला तडा गेला तर बहुधा विश्रांतीने भरून येतो. वरच्या कडेला गेला तर हाड सरकण्याचा धोका मोठा. सरकलं तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि विशीच्या आत-बाहेरच्या मुलाला कृत्रिम सांध्याची वेळ येऊ शकते.

खुब्याचा एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही.

समोर असलेले पर्याय

एक्स-रे स्वच्छ, मुलगा म्हणतोय ‘जमेल’, आणि चार दिवसांवर स्पर्धा. कंपनी कमांडर स्वतः एम.आय. रूमवर आले. माणूस चांगला होता. त्यांचा प्रश्न सरळ होता: फिल्ममध्ये काही नाही, तर मग नक्की काय आहे?

पहिला पर्याय होता, स्नायू ताणला समजून आठवडाभर एक्सक्यूज द्यायचं. मी असतो तर हाच निवडला असता. तो सगळ्यांना सोयीचा होता.

दुसरा पर्याय तेव्हाचा प्रचलित: दोन-तीन आठवडे थांबायचं आणि पुन्हा एक्स-रे काढायचा. असा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फिल्मवर बहुतेक दिसतच नाही. हाड भरायला लागलं की दिसतो. नडगीचं दुखणं असतं तर हा पर्याय वाईट नव्हता. नडगी दोन आठवडे थांबते, खुबा थांबेलच असं नाही.

तिसरा पर्याय म्हणजे त्याच दिवशी मिलिटरी हॉस्पिटलला पाठवून एमआरआय करायचा. त्यासाठी अॅम्ब्युलन्स हवी, सोबत माणूस हवा, चार तासांचा रस्ता. एमआरआय स्वच्छ निघाला तर नव्या डॉक्टरीणबाईंनी संघातला मुलगा उगाच पळवला, अशी सेंटरभर चर्चा ठरलेली.

मॅडमनी तिसरा निवडला. कंपनी कमांडरना दिलेलं उत्तर मला आजही आठवतं. त्या म्हणाल्या, ‘सर, माझं चुकलं तर तुमची एक शर्यत जाईल. तुमचं चुकलं तर त्याचा खुबा जाईल.’ साहेबांनी गाडीच्या कागदावर सही केली. मुलाला कुबड्या दिल्या, उजवा पाय जमिनीला टेकवायचा नाही अशी ताकीद दिली आणि गाडीत आडवं नेलं.

तपासात काय निघालं

उजव्या मांडीच्या हाडाच्या मानेला खालच्या कडेने तडा, मानेच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. डाव्या नडगीतही हाडाच्या आत सूज आणि तड्याची सुरुवात. रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व मिलिलिटरमागे ११ नॅनोग्रॅम. वीसच्या खाली गेलं की कमतरता धरतात. उन्हातान्हात वाढलेल्या पोराचं इतकं कमी कसं, असं सगळ्यांना वाटलं. पण टेम्पोचे चार महिने रात्रीचे होते, दिवस झोपेत गेलेले, आणि दूध डेअरीला.

हॉस्पिटलच्या अस्थिरोग तज्ज्ञांपुढे दोन वाटा होत्या. स्क्रू घालून मान पक्की करायची, किंवा शस्त्रक्रियेशिवाय भरू द्यायची. तडा खालच्या कडेचा आणि निम्म्याच्या आत, म्हणून दुसरी वाट घेता येत होती. अट एकच: मुलाने पाय टेकवायचा नाही आणि दर आठवड्याला एक्स-रे. तडा पुढे सरकताना दिसला तर लगेच स्क्रू. तज्ज्ञांनी दत्ताला विचारलं, ‘सहा आठवडे पाय टेकवणार नाहीस?’ तो लगेच ‘नाही सर’ म्हणाला. रंगरूट हुद्द्यासमोर ‘नाही सर’ आणि ‘जी सर’ याखेरीज काही म्हणत नाही, हे त्या उत्तराचा भरवसा धरण्याआधी लक्षात घ्यायला हवं होतं.

दुसरा निर्णय: घरी पाठवायचं की ठेवून घ्यायचं

पहिले दोन आठवडे तो वॉर्डात होता. नंतर खाट हवी होती. अशा वेळी सिक लीव्हवर घरी पाठवायची रीत आहे, आणि त्यात माणुसकीही असते. मॅडमचा विरोध होता. मी मात्र घरी पाठवण्याच्या बाजूने बोललो. मला वाटलं, आईच्या हातचं खाईल, दूध पिईल, मनाने सावरेल. वॉर्डात तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा.

घर कसलं आहे याचा विचार मी केला नाही. पायऱ्यांचं घर, मागे शेणामातीचं घसरडं अंगण, संडास परड्यात. आणि गाव. कुबड्या घेऊन आलेला फौजी गावाला दिसतो तेव्हा गाव विचारतं, ‘काढून टाकला काय रं?’ हवालदार चुलत्यांनी तर त्याला बाजूला घेऊन सांगितलं, ‘आमच्या वेळी नडग्या फुटल्या तरी आम्ही बोललो नाही.’ त्यांचं खरंच होतं. त्यांच्या वेळी जे कायमचे लंगडे होऊन घरी गेले ते सांगायला सैन्यात राहिले नाहीत, एवढंच.

चौथ्या आठवड्यात गावची यात्रा आली. दत्ताने कुबड्या घरी ठेवल्या आणि पालखीला खांदा दिला. देवळापासून वेशीपर्यंत. हे आम्हाला त्याच्या आईने फोनवर सांगितलं, रडत रडत. तातडीने जवळच्या गावात एक्स-रे काढून फोटो मागवला. तडा सरकला नव्हता. हे आमच्या उपचाराचं यश नव्हे. नशीब, दुसरं काही नाही.

त्याच आठवड्यात त्याला परत बोलावून घेतलं आणि पुढचा सगळा काळ सेंटरवर ठेवलं.

परत उभं करणं

हा भाग सगळ्यात लांबला, आणि यात नाट्य काहीच नाही. सहाव्या आठवड्यानंतर पाय टेकवणं, आधी वजनकाट्यावर दहा किलो, मग वीस. बाथरूमच्या काट्यावर उभं राहून भार मोजण्याची युक्ती फिजिओथेरपिस्टची. दहाव्या आठवड्यात कुबड्या सुटल्या. मग चालणं, मग सायकल. धावणं चौथ्या महिन्यात, तेही एक मिनिट धाव, चार मिनिटं चाल. लंगरमध्ये त्याच्यासाठी रोज अर्धा लिटर दूध सांगितलं, शिवाय ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियमच्या गोळ्या. अमेरिकी नौदलातल्या महिला रंगरुटांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत कॅल्शियम आणि ‘ड’ दिलेल्या गटात अशी फ्रॅक्चर्स सुमारे २० टक्क्यांनी कमी निघाली होती. ती २००८ मध्ये छापून आली. मॅडमनी तो निबंध रसद बघणाऱ्या क्वार्टर मास्टरना दाखवून दूध मंजूर करून घेतलं.

त्याहून अवघड होतं त्याला रिकामं न ठेवणं. रेलिगेट झालेला मुलगा बॅचचा राहत नाही, कुणाचाच राहत नाही. आम्ही त्याला एम.आय. रूमच्या रजिस्टरवर बसवलं. तिथे त्याने एक काम केलं जे माझ्या डोक्यात नऊ वर्षांत आलं नव्हतं. सिक रिपोर्टला येणाऱ्या मुलांना तो रांगेतच विचारायचा, ‘खरं कुठं दुखतंय?’ त्याला जे सांगितलं जायचं आणि आत आल्यावर मला जे सांगितलं जायचं, यात पुष्कळ फरक असायचा.

परिणाम

सहा महिन्यांनी तो पुढच्या बॅचबरोबर पुन्हा सुरुवातीला लागला आणि प्रशिक्षण पूर्ण केलं. बीपीईटीत, म्हणजे पिठ्ठू (पाठीवरची सामानाची पिशवी) आणि रायफलसह ५ किलोमीटरच्या चाचणीत, तो पास झाला. ‘एक्सलंट’ मिळालं नाही. जुन्या बॅचमधले त्याचे दोस्त तोवर पलटणीत पोहोचले होते. वैद्यकीय श्रेणी तात्पुरती खाली गेली होती, ती पुढच्या वैद्यकीय बोर्डात पुन्हा शेप-१, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, झाली. आज तो पलटणीत आहे. उजवा पाय थंडीत दुखतो म्हणतो. क्रॉस कंट्री पुन्हा धावला नाही.

सेंटरमध्ये काही गोष्टी बदलल्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ड्रिलमधलं पाय आपटणं आणि बरॅक-लंगर दौड कमी केली. रगडा पूर्ण बंद झाला असं मी म्हणणार नाही, पण ज्या आठवड्यात पिठ्ठू चढतो त्या आठवड्यात तो द्यायचा नाही असं ठरलं. रात्री दहा ते चार झोप सलग मिळालीच पाहिजे, हा मुद्दा सगळ्यात जास्त वादाचा ठरला. मॅडमनी इस्रायली सैन्याचा दाखला दिला. तिथे १९८५ च्या एका अभ्यासात पायदळाच्या २९५ रंगरुटांपैकी ३१ टक्क्यांच्या हाडांना असे तडे आढळले होते, आणि पुढे किमान सहा तास झोप व कमी कूच यामुळे प्रमाण निम्म्याहून जास्त उतरलं. सुभेदार मेजर साहेब म्हणाले, ‘झोपवून जवान बनत नाही.’ शेवटी झोप मंजूर झाली ती वेगळ्याच कारणाने: पहाटेच्या फायरिंगमध्ये डुलक्या घेणारी मुलं कमांडंट साहेबांच्या नजरेस पडली.

आणि एक उलटंच घडलं. दुखणं सांगितलं तर लगेच रेलिगेट नाही, आधी दोन आठवडे हलका कार्यक्रम मिळेल, हे कळल्यावर सिक रिपोर्टची रांग जवळपास दुप्पट झाली. वर विचारणा झाली की सेंटरचं आरोग्य बिघडलंय का. रजिस्टर बघणाऱ्याला तसंच दिसणार. पण नडग्या आता दुखू लागल्याच्या आठवड्यातच येत होत्या, महिनाभर लपवून नव्हे. हा फरक रजिस्टरच्या कोणत्याही रकान्यात बसत नव्हता.

आज करायचं तर

नडगी बोटाने दाबायची, तळव्याने नाही. गुडघा दुखतोय म्हणणाऱ्या प्रत्येक रंगरुटाचा खुबा आडवं झोपवून वळवून बघायचा, बाहेर चाळीस मुलं उभी असली तरी. पीटीचा एक्सक्यूज दिला तर ड्रिलचाही द्यायचा, नाहीतर देऊच नये. गोळ्यांबद्दल मी जास्त कडक होईन. माझ्या ब्रुफेनने दत्ताला बरं केलं नाही, दौडवलं.

सिक लीव्हच्या बाबतीत माझं मत आजही पूर्ण पक्कं नाही. वॉर्डात ठेवलेली मुलं मनाने खचतात हे मी पाहिलं आहे. खुब्याचा तडा असेल तर मात्र घरी पाठवण्याआधी घराला पायऱ्या किती, संडास कुठे आणि महिन्याभरात गावात यात्रा-लग्न काय आहे, हे फोन करून विचारेन. आणि ‘नाही सर’ हे उत्तर धरून चालणार नाही, आईशी बोलेन.

स्पर्धेच्या संघात नव्या रंगरुटाला घेऊ नये असं मला वाटतं, कंपनी कमांडर आजही ते मानणार नाहीत. त्यांचंही खरं आहे. स्पर्धेने मुलं उभी राहतात. पण नवव्या आठवड्यात सोसायला लावलेले दहा किलोमीटर आणि सहाव्या महिन्यातले दहा किलोमीटर एक नव्हेत.

निवृत्तीनंतर मी आता भरती अॅकॅडम्यांत जाऊन बोलतो. अग्निवीरांचं प्रशिक्षण आधीपेक्षा आखडलं आहे, म्हणजे चुकलेले आठवडे भरून काढायला जागा आणखी कमी. मुलांना सांगतो, निकालानंतरचे महिने सोडू नका. सोळाशे मारत बसू नका, रोज तासभर चाला, बूट घालून चाला, हळूहळू पाठीवर वजन घ्या, घरच्या म्हशीचं दूध थोडं घरात ठेवायला सांगा.

सेंटरमध्ये पहिल्या दिवशीच्या फॉर्ममध्ये आम्ही एक प्रश्न घातला होता: ‘गेल्या तीन महिन्यांत किती दिवस धावलास?’ एकूण एक मुलाने लिहिलं, ‘रोज.’ पुढच्या बॅचला प्रश्न बदलला. त्या जागी विचारलं, ‘बोलावणं येईपर्यंत कुठं कामाला होतास?’ तेव्हा खरी उत्तरं आली: वीटभट्टी, हॉटेल, ऊसतोड, मेडिकल दुकान. ‘टेम्पो, रात्रपाळी’ अशीही तीन होती. त्या तिघांना पहिले चार आठवडे वेगळा कार्यक्रम दिला.